दिवाणांची मशाल

सोनवळ संस्थानाच्या तिजोरीचा तळ दिसू लागला, तेव्हा दिवाणांनी काटकसर म्हणून गरिबांच्या बाळंतपणाला मिळणारं दिव्याचं तेल बंद केलं. हे सुईण तान्हाईच्या कानावर आलं. बुरूड आळीतली एक पोर आज-उद्या बाळंत होणार होती. भर दुपारी तान्हाई तेल मागायला राजेसाहेबांच्या दरबारात गेली.

दिवाण आले. मानाच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्यापुढं पेटती मशाल होती.

"तेल मिळणार नाही," ते म्हणाले. "जन्मभर बाळंतपणं केलीस, तुला उजेड कशाला गं?"

"खरंय, सरकार. पण रोजच्या वाटेनं भर उन्हात येताना तुम्हाला मशाल लागते, मग अंधारात मला कसं दिसावं?"

राजेसाहेबांना हसू आवरेना. त्यांनी खूण करताच मशालजीनं मशाल विझवली आणि तेलाची बुधली तान्हाईच्या हातात दिली.