पाटावरचं शहाणं बाळ

खूप जुन्या काळी एका डोंगराआड एक गाव होतं. त्या गावाला शांत मुलांचं भारी वेड.

होळी झाली की तीन वर्षांच्या मुलांना देवळात पाटावर बसवायचे आणि ढोल-झांजांच्या दणदणाटात आरती करायचे. आरती संपेपर्यंत हललं नाही ते मूल शहाणं. उठून पळालं ते खुळं, आणि ते नाव जन्मभर चिकटायचं. असा ढोल बडवणाऱ्या मोठ्यांची अक्कल मात्र कुणी कधी तपासली नाही.

तिथल्या एका घरात दोन जावा एकाच दिवशी बाळंत झाल्या. थोरलीचा मुलगा पूर्ण दिवसांचा. धाकटीचा सातव्या महिन्यातच जन्मलेला, मुठीएवढा. तो जगला हेच नवल! पण तीन वर्षांत धाकटी ते विसरली. थोरलीचा मुलगा शहाण्यासारखा बसायचा. हिचा मुलगा भांडं पडलं तरी किंचाळायचा, हातातलं भिरकावायचा, एका जागी ठरायचा नाही. चारचौघांत तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सासू म्हणायची, "अगं, घाईनं आलंय लेकरू. पोटात काढायचे राहिलेले दिवस आता मांडीवर काढू दे त्याला."

सासूच्या मांडीवर तो खरंच टिकायचा. आधी एक घास संपेपर्यंत, पुढेपुढे अख्खी गोष्ट संपेपर्यंत. पण धाकटीचं लक्ष थोरलीच्या मुलाकडेच.

होळी जवळ आली. पाणवठ्यावर थोरली म्हणाली, "तुझ्या पोराला पाटाला बांधूनच ठेव गं बाई!" बायका खिदळल्या. धाकटी तणतणत घरी आली आणि सासऱ्यांच्या डबीतली जराशी अफू तिनं दुधात कालवली.

आरतीला पोर अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बसून राहिलं. गावानं कौतुकानं धाकटीची ओटी भरली.

सासूनं नातवाचे डोळे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "काय पाजलंस गं ह्याला?"

"एकदाच, सासूबाई."

एकदाच कसलं! शहाणं बाळ पाहायला लोक घरी येऊ लागले. पाहुणे आले की ते दूध, लग्नाला निघाले की ते दूध. मग दूध चुकलं की पोर थरथरायचं, म्हणून रोजच दूध.

अखेर सासूनं डबी चुलीत टाकली. पोर तापानं फणफणलं, कसंबसं वाचलं. पण आता ते दचकत नव्हतं, किंचाळत नव्हतं आणि हसतही नव्हतं. जिथं बसवावं तिथं बसायचं.

धाकटीनं त्याच्यापुढं मडकं आपटून फोडलं. "ऊठ रे राजा, पळ! सांड काहीतरी, मोड काहीतरी!"

पोर भिंतीकडे पाहत राहिलं.

दारावरून जाणारी एक बाई थबकली आणि म्हणाली, "किती गुणाचं पोर गं तुझं!"

धाकटी ओक्साबोक्शी रडू लागली. बाईला काही समजलं नाही.

तात्पर्य: आपली मान ताठ राहावी म्हणून मुलाला घाईनं शहाणं करू नये, उशिरा येणारी समज येते, मारून टाकलेली परत येत नाही.