गाठोड्यातली शेवंड

“…मग ती आहे कुठे?”

नाथबाबांनी पुन्हा विचारलं आणि अंकुशच्या तोंडचं पाणी पळालं.

मठाच्या मागे खडकात एक खोल खळगा होता. भरतीला समुद्र त्यात शिरायचा आणि ओहोटीला थोडं पाणी मागे ठेवून जायचा. तिथे बाबांची लाडकी शेवंड राहायची. मोठ्या कोळंबीसारखी, मनगटाएवढी जाड, अंगभर काटे, हातभर लांब मिशा. बाबा मूळचे घाटावरचे, पण तिला रोज स्वतः कालवं फोडून घालत. खळगा साफ ठेवायचं काम अंकुशकडे होतं, आणि ते तो नको तितक्या निष्ठेनं करी.

आज संध्याकाळी त्याला कफनी मिळायची होती. मठाची रीत अशी, की कफनी घेणाऱ्यानं आपले जुने कपडे गाठोड्यात बांधून समुद्राला द्यायचे आणि मागे वळून बघायचं नाही. या एका संध्याकाळसाठी अंकुशनं किती कळ काढली होती! नेमकं आजच सगळं बिनसत होतं. सकाळी शेवंड मेलेली सापडली, आणि तेवढ्यात धाकटा भाऊ मनोहर धक्क्यावर येऊन उभा राहिला.

जाळ्याच्या वाटणीवरून याच भावाच्या डोक्यात अंकुशनं वल्हं घातलं होतं. त्यानंतर तो घरी राहिलाच नाही, मठात आला.

“बोल,” बाबा म्हणाले.

“बाबा… ती मेली. कालपरवापास्ना काय खाय नव्हती. सकाळी बघलंय तर उलटी पडलेली. म्हटला, आजच्या दिसाक तुमका कशाक दुखवू… म्हणान माझ्या गाठोड्यात बांधलंय.”

“गाठोड्यात?”

“संध्याकाळी ता समुद्रात जातलाच मा…”

बाबांनी हात पुढे केला.

“आण इकडे.”

गाठोडं आलं. अंकुशला गाठ सुटता सुटेना. जुना सदरा, लुंगी, आणि त्यात शेवंड. पाय, मिशा, डोळेसुद्धा जागच्या जागी.

“उचल.”

सकाळी त्यानं घाबरून, डोळे मिटूनच तिला गुंडाळलं होतं. आता उचलली तर तिला वजनच नव्हतं. पाठीवर, शेपटी सुरू होते तिथे, आडवी फट होती. आत काहीच नव्हतं.

बाबा खळग्याच्या काठावर ओणवे झाले आणि त्यांनी बोट दाखवलं.

कपारीच्या पार आत काहीतरी हललं. तीच! पहिल्यापेक्षा मोठी दिसत होती, आणि अंग मळलेल्या कणकेसारखं मऊ.

“अंड्यातून निघते तेव्हा ही पानासारखी चपटी असते,” बाबा म्हणाले. “आरपार दिसते. महिनोन् महिने भर समुद्रात नुसती वाहत राहते. मग कुठल्यातरी खडकाला लागते, कवच धरते. अंग वाढतं, कवच काही वाढत नाही. मग ते फोडून बाहेर यावं लागतं. पायांतून, मिशांतून, डोळ्यांवरच्या टरफलातून. पोटातलं अस्तरसुद्धा सोडून येते.”

अंकुशचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच स्वारीची मान ताठ झाली.

“म्हणजे माझ्यासारखीच मा, बाबा! जुना सगळा टाकल्यान नि मोकळी झाली. मीय टाकलंय. धक्क्यावर निरोप धाडलंय, अंकुश मेलो म्हणान सांगा.”

बाबा कपारीकडेच बघत राहिले…

शेवंड थोडी बाहेर आली. वाळूवर इथे तिथे मिशा फिरवून मागे सरली. पुन्हा आली. भरती चढायला लागली होती, आणि खळग्याच्या तोंडाशी सापासारखी लांब, जाडजूड वाम घिरट्या घालत होती.

“ती काय शोधता?”

“तू बांधून ठेवलंस ते.”

“ता कशाक? ता तर तिनाच टाकलेला.”

“टाकलेलंच खाते ती. त्यानं नवं कवच लवकर टणक होतं. तोवर कुणीही यावं आणि तिचा घास घ्यावा.”

अंकुश तसाच पाण्यात उतरला. हातपाय आपटून त्यानं वाम हाकलली आणि रिकामं कवच कपारीच्या तोंडाशी ठेवलं.

“घे गो बाय… घे…”

कितीतरी वेळ काहीच झालं नाही.

मग दोन मऊ पाय पुढे आले. कवच हळूहळू आत ओढलं गेलं. पाणी थोडं निवळलं तेव्हा दिसलं, ती त्याची कड कुरतडत होती.

अंकुश कमरेभर पाण्यात उभाच राहिला. धक्क्याकडे बघायचं त्यानं सकाळपासून टाळलं होतं. आता बघितलं. मनोहर तिथेच उभा होता.

“बाबा, माका भीती वाटता.”

बाबांनी त्याच्याकडे वळून बघितलं.

“तो समोर इलो नि माझो हात परत उठलो तर? त्या दिसापास्ना त्येका उजव्या कानान काय आयकाक येणा नाय. माझ्यामुळा…” नाक पुसून त्यानं कसंबसं विचारलं, “कफनी देतलात मा माका आज?”

मठात जेवणाची घंटा झाली. बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले.

“पंगत बसतेय. त्याला घेऊन ये, आणि तू त्याच्या डाव्या हाताला बस.”