मोर, खेकडा आणि तीन फणस

प्राणी दुकानं चालवायचे, त्या काळची गोष्ट. ओढ्याच्या अलीकडे मोराचं फणसाचं दुकान होतं, पलीकडे पोपटाचं. दोघांचा माल मात्र एकाच गुहेत असे आणि तो खेकडा सांभाळे. खेकड्याचं डोकं कुठे संपतं नि धड कुठे सुरू होतं, हे कुणाला सांगता येत नसे. पण किती फणस उरलेत, ते त्यालाच ठाऊक. दोन्ही दुकानांपासून गुहेपर्यंत एकेक वेल सोडलेली होती. दुकानदाराने वेल ओढली, की उरलेल्या फणसांइतके हिसके खेकडा द्यायचा.

मोराला त्या हिसक्यांची वाट बघणं भारी अपमानाचं वाटे. "एवढा पिसारा माझा, आणि दर गिऱ्हाइकाला मी खेकड्याला विचारत बसू?" म्हणून एके दिवशी त्याने सकाळी एकदाच वेल ओढली. तीन हिसके आले. दुपारी अस्वलीण आली, तेव्हा त्याने पिसारा फुलवून सांगितलं, "तीन आहेत ताई, तिन्ही तुमचे. संध्याकाळी न्या."

संध्याकाळी अस्वलीण धापा टाकत आली. "मोरभाऊ, लेकीचं लग्न लागलं, वऱ्हाड पानावर बसलंय. काढा फणस!"

मोराने वेल ओढली. एकही हिसका आला नाही. तिन्ही फणस पोपटाने सकाळीच विकले होते. मोराने घाबरून पिसारा फुलवला.

"पानात काय पिसं वाढू?" म्हणत अस्वलिणीने त्यातली चार उपटली.

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की मोर आधी वेल ओढतो आणि हिसके येईपर्यंत जीव मुठीत धरून गोल गोल फिरत राहतो. बघणाऱ्यांना वाटतं, नाचतोय.