जत्रेत घंटी न वाजवणारी ओतारीण

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत असत.

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक ओतारीण राहत होती. ओतारी म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे. तिच्या घरची भट्टी गाईबैलांच्या गळ्यातल्या काशाच्या घंट्यांसाठी नावाजलेली. नवरा गेला, तेव्हा तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि भट्टी स्वतः पेटवली. तिची घंटी नवऱ्याच्या घंटीपेक्षा कांकणभर सरसच होती.

पण गावची एक रीत होती. घराण्यात ज्याच्या घंट्या जत्रेत जास्त खपतील, त्यानेच घरची मोठी भट्टी पेटवायची. कमी खपल्या, तर भट्टी भाऊबंदांकडे जायची. ओतारणीला एक धाकटा दीर होता. घरामागे त्याची स्वतःची लहानशी भट्टी होती, पण डोळा होता मोठीवर.

नदीकाठच्या मैदानात वर्षातून एकदा गुरांची जत्रा भरायची. ओतारीण तिथे गेली आणि सगळे करत तेच तिने केलं. घंट्यांचा ढीग मांडला, त्यातली सर्वांत मोठी हातात घेतली आणि सकाळपासून वाजवत बसली. भोवती शेकडो घंट्या, ढोल, सनया, विकणाऱ्यांच्या आरोळ्या आणि हंबरणारी गुरं. नगाऱ्याची घाई तिथे टिमकीचं काय? हात दुखला, घसा बसला, आणि एकच घंटी खपली. तीही एका बापाने रडकं पोर गप्प करायला घेतली.

पंचांना तिची दया आली. ते म्हणाले, "बाई, आणखी एक जत्रा देतो. तिच्यानंतरच्या अमावास्येला निकाल. मग मात्र रीत ती रीत."

परतीच्या वाटेवर तिचा म्हातारा बैल म्हणाला, "मालकीणबाई, रागावणार नसशील तर एक विचारू?"

"विचार."

"तू दिवसभर घंटी वाजवलीस. ती लोकांनी का घ्यावी?"

"का म्हणजे? आवाज गोड आहे तिचा!"

"गोड आवाज घेऊन मी काय करू? मी रानात हरवलो तर तुला सापडावं, म्हणून ती माझ्या गळ्यात आहे. जत्रेत मी कुठे हरवतो?"

ओतारणीला राग आला. खरं बोलणं लगेच गोड लागत नाही. तुम्हालाही लागत नसेल. बैलाला मागे टाकून ती तरातरा गावापर्यंत चालली. घरी पोहोचल्यावर मात्र तिने बैलापुढे रोजच्यापेक्षा जास्त चारा टाकला.

पाऊसपाणी सरल्यावर तिने भाकरी बांधून घेतली आणि बैलाला घेऊन निघाली. धनगरांच्या वाड्या, गवळ्यांचे गोठे, माळावरची खिल्लारं, सगळीकडे गेली. विकायला काही नेलं नव्हतं. जिथे जाई तिथे एवढंच विचारी, "तुमची घंटी तुम्हाला कुठे फसवते?"

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. एकजण म्हणाला, "बांबूच्या बेटात म्हैस शिरली की आवाज तिथेच जिरतो." दुसरा म्हणाला, "माळावर वारा सुटला की घंटी इकडे अन् गाय तिकडे." नदीकाठचा एक म्हातारा म्हणाला, "पाण्याच्या खळखळाटात काही ऐकू येत नाही गं, पोरी." ती सगळं मनात साठवत गेली. निघताना प्रत्येकाला सांगायची, "जत्रेला याल तेव्हा पाणवठ्याकडे या. तुमच्या रानाची घंटी घेऊन बसते."

घरी येऊन तिने साचे बदलले. कुठे काठ जाड केला, कुठे तोंड रुंद केलं, आणि रानारानाच्या वेगळ्या घंट्या ओतल्या. फसलेल्या पुन्हा वितळवल्या. हात भाजले, पण भट्टी विझू दिली नाही.

जत्रेआधी ती रिकामं मैदान पाहायलाही गेली. मैदानाच्या वेशीजवळच्या जागेसाठी विक्रेत्यांची दरवर्षी हमरीतुमरी होई, कारण सगळी गर्दी वेशीतून येते. पण गर्दीला घंटी कशाला हवी? घंटी हवी गुरं असणाऱ्याला, आणि गुरं घेऊन आलेला माणूस पाणवठ्यावर आल्याशिवाय राहत नाही. पाणवठ्यामागे दाट झाडी होती. सगळ्यांना सांगितलेली तीच जागा तिने धरली. बैलाला झाडीत पाठवून, इथे उभा राहा, तिथून चाल, असं सगळं आधीच करून पाहिलं.

"या वयात मला तालीम!" बैल कुरकुरला, पण चालला.

जत्रा भरली. दिराने वेशीत कमान उभारली, ढोलवाले बसवले आणि येईल त्याच्या हातावर गूळदाणे ठेवले. गूळ सगळ्यांनी खाल्ला. गूळ खाणारा प्रत्येकजण गिऱ्हाईक नसतो, पण ढोलाच्या आवाजात हे सांगणार कोण?

ओतारणीकडे सकाळभर कुणी फिरकलं नाही. दीर मुद्दाम डोकावून गेला. "वहिनी, बोलणाऱ्याच्या कण्या विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. घंटी वाजवा की!"

"वाजवीन, भाऊजी. ज्याला हवी तो येऊ दे."

तो हसत गेला. तिने घंट्या पुसून पुन्हा मांडल्या.

उन्हं चढली आणि तहानलेली गुरं पाणवठ्यावर येऊ लागली. त्यांच्यामागे त्यांचे मालक आले. वर्षभरात तिने ज्यांना विचारलं होतं, ते तर तिला शोधतच आले. तिने एकेकाला घोंगडीवर बसवलं.

"डोळे मिटा. माझा बैल झाडीत आहे. कुठे आहे ते बोटाने दाखवा."

आधी त्यांची जुनी घंटी बैलाच्या गळ्यात बांधायची. बोट भलतीकडेच जायचं. मग तिची घंटी बांधायची. बोट थेट बैलाच्या शिंगांवर! बघे हसत, टाळ्या पिटत, आणि मालक घंटी घेऊनच उठत. मंडळी फार नव्हती, पण आलेला रिकाम्या हाताने जात नव्हता.

तिसऱ्या प्रहरी राजाचा गवळी आला. मोठं पागोटं, त्याहून मोठा आवाज. "बाई, राजाच्या हजार गाई माझ्याकडे आहेत. आहेत तेवढ्या घंट्या पोत्यात भरा!"

बघे पुढे सरकले. एका पोत्यात तिची भट्टी वाचत होती.

तिने विचारलं, "दादा, गाई चरतात कुठे?"

"खोल दरीत. त्याचं तुम्हाला काय?"

ओतारणीने हातातली घंटी खाली ठेवली. मग म्हणाली, "मग यातली एकही घंटी तुमच्या कामाची नाही. दरीत या आवाजाचे चारी बाजूंनी पडसाद उठतील आणि गाय भलतीकडेच शोधाल. जत्रा संपली की मी तुमच्या दरीत येते. ऐकते, मग घडवते."

"राजाच्या माणसाला नाही म्हणता?" गवळी फणकारला. तो तडक वेशीत गेला आणि दिराची सगळी पोती उचलून निघून गेला.

"हातचं सोडून पळत्याच्या मागे!" लोक म्हणाले. ओतारणीला रडू आलं. तिने ते गिळलं आणि पुढच्या माणसाला म्हणाली, "डोळे मिटा."

जत्रा उठली. दीर वाजतगाजत घरी गेला. बाकीचे विक्रेते पाय पसरून झोपले. ओतारणीच्या बऱ्याच घंट्या गेल्या होत्या, पण दिराच्या पोत्यांपुढे त्या काहीच नव्हत्या.

"चला घरी," बैल म्हणाला.

"घरी कसं? दरीत येते म्हणून शब्द दिलाय."

"तो तर रागावून गेला."

"तो रागावला, म्हणून माझा शब्द फिरतो का रे?"

वाट दगडांची होती. पायांना फोड आले, तरी ती चालत राहिली. दरीत पोहोचली तेव्हा धुकं उतरलं होतं आणि हाहाकार माजला होता. दिराच्या लखलखीत घंट्या वाजत होत्या, पण आवाज चहूकडून येत होता. गुराखी या कड्यावरून त्या कड्यावर धावत होते, आणि खालून गाई हंबरत होत्या.

ओतारीण एका खडकावर बसली आणि नुसती ऐकत राहिली. मग तिने एक जाड घंटी काढली, तिच्या आत झुलणारा लोखंडी लोलक सोडला आणि खैराच्या लाकडाचा तासून बांधला. आता घंटी खणखणत नव्हती. ठक म्हणायची आणि गप्प व्हायची. त्या आवाजाला पडसाद नव्हता. ती बैलाच्या गळ्यात बांधून तिने त्याला धुक्यात सोडलं. बैल गाई गोळा करत चालला आणि गुराखी त्या आवाजामागे अचूक गेले. संध्याकाळच्या आत सगळं खिल्लार वर आलं.

गवळ्याने पागोटं काढून तिच्यापुढे मान झुकवली.

इकडे अमावास्या उजाडली. पंच भट्टीजवळच्या पारावर जमले. दीर म्हणाला, "राजाच्या गवळ्याने माझी पोतीच्या पोती नेली. वहिनी तर तोंड दाखवायलाही आल्या नाहीत. आणखी काय पाहायचं?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. रीत ती रीत. त्यांनी भट्टीचा भाता उचलून दिराच्या हाती दिला.

तेवढ्यात एक घोडा येऊन थांबला. गवळी उतरला आणि त्याने एक पोतं पारावर रिकामं केलं. सगळीकडे खणखणाट झाला.

"या घंट्या कुणाच्या?"

"माझ्या!" दीर छाती फुगवून म्हणाला.

"मग घ्या परत. यांच्या आवाजामागे धावताना माझी माणसं कड्यावरून कोसळता कोसळता वाचली. बाकीची पोती मागून येताहेत. आणि इथली ओतारीण कुठे राहते? राजासाठी हजार घंट्या तिच्याकडून घडवून घ्यायच्या आहेत, आणि यापुढे दरवर्षी तिच्याकडूनच."

परत आलेली घंटी खपली कसली? पंचांनी निकाल फिरवला: भट्टी ओतारणीचीच. इतक्यात लंगडत लंगडत ओतारीण आली, मागे बैल. तिने पारावरच्या घंट्या पाहिल्या, मान खाली घातलेला दीर पाहिला, त्याच्या हातातला भाता पाहिला.

म्हणाली, "भाऊजी, भाता हातात आहेच, तर बसा ओढायला. हजार घंट्या आहेत. माझ्या एकटीच्याने व्हायच्या नाहीत."

आणि दीर मुकाट्याने भट्टीपाशी बसला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, गाठीशी बांधा: जत्रा सगळ्यांसाठीच भरते, पण फळते त्यालाच, जो तिच्याआधी गिऱ्हाइकाची अडचण विचारायला जातो आणि तिच्यानंतर दिलेला शब्द पाळायला जातो.