गाडीतली जागा

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात नारूशेट नावाचा सुपारीचा व्यापारी राहत होता. माणूस भला, पण त्याला एक वेड होतं. जत्रेत, बाजारात कुठे काही गमतीदार दिसलं की ते घेतल्याशिवाय त्याचा पाय पुढे पडत नसे. तोंड उघडणारा पितळी बेडूक, शेपूट हलवणारा लाकडी विंचू, करंगळीएवढं जातं, माकडाच्या आकाराचं कुलूप. कुलपाची किल्ली हरवलेली होती, पण त्याचं नारूशेटला काय! अशा चिजांनी त्याची सागवानी पेटी गच्च भरली होती.

कार्तिक महिन्यात सगळा गाव आवळीभोजनाला डोंगरावर जाई. आवळ्याच्या झाडाखाली पंगती बसत. नारूशेटच्या म्हाताऱ्या आत्याला या दिवसाची फार हौस. नारूशेटची आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. हल्ली गुडघ्यांमुळे ती घराबाहेर पडत नसे, पण आवळीभोजन तिने कधी चुकवलं नव्हतं.

त्या वर्षी नारूशेटच्या मनात आलं, सगळा गाव जमणार आहे, तर आपल्या चिजा लोकांना दाखवाव्यात. बैलगाडीत बायको, मुलं आणि जेवणाची पातेली चढली. मग पेटी चढली आणि गाडी भरली. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून अंगणात उभी होती.

"आत्या, फार दाटी होतेय गं. तू पुढच्या वर्षी चल," नारूशेट म्हणाला.

"अहो, पेटीच ठेवा की घरी," बायको म्हणाली.

"मग लोकांना काय दाखवू?"

"जा रे बाबा, मी राहते," आत्या म्हणाली. गाडी निघाली.

डोंगरावर पेटी उघडताच पोरं तुटून पडली. "हळू! शेपूट मोडेल! ए, बेडूक कुणी घेतला?" दिवसभर नारूशेटचं हेच चाललं होतं. पानातल्या पुऱ्या निवून वातड झाल्या. निघताना विंचू सापडेना, तेव्हा त्याने सगळ्यांना उठवून सतरंज्या झाडायला लावल्या. विंचू सापडला, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

गाडीरस्त्याने वळसा घालून सगळे घरी पोचले, तर दाराला बाहेरून कडी. आत्या घरात नव्हती.

"काठी टेकत सकाळीच निघाल्या की तुमच्या मागं, पायवाटेनं," शेजारीण म्हणाली. "मला वाटलं, तुमच्याबरोबरच परत येतील."

पायवाटेवर ओढा होता, शेवाळलेले दगड होते, आणि दिवस मावळायला आला होता. तो तसाच धावत सुटला. ओढ्याशी थांबून त्याने हाका मारल्या. ओ आली नाही. आपणच हिला मागे ठेवलं, हिचं काही बरंवाईट झालं तर? धापा टाकत तो वर पोचला.

आवळ्याच्या झाडाखाली आत्या एकटीच बसली होती.

"आलास नारू? मी पोचेपर्यंत तुम्ही सगळे निघून गेला होतात बघ. हे मेले गुडघे चालूच देईनात."

नारूशेट मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. रडता रडता हसलाही, कारण आत्या धडधाकट होती. तिने फडक्यातली भाकरी सोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

"खा आधी. तोंड किती सुकलंय! आणि बघ तरी, शेतं कशी पिवळी झालीत."

नारूशेटने मान वर केली. खाली भातशेतं मावळतीच्या उन्हात पिकून उभी होती. दिवसभर तो इथेच होता, पण यातलं काहीच त्याने पाहिलं नव्हतं. दोघांनी मिळून भाकरी खाल्ली. मग आत्याला पाठीवर घेऊन तो निघाला.

"ओझं होतंय ना रे माझं?"

"छे गं. पेटीला दोन माणसं लागतात."

थोडं उतरल्यावर आत्याने विचारलं, "अरे हो, पेटी कुठं ठेवलीस?"

नारूशेटला आठवेना. गाडीत, दारात की रस्त्यावरच राहिली, कोण जाणे.

"असेल कुठेतरी," तो म्हणाला, आणि आत्याच्या गुडघ्यांना धक्का लागू नये म्हणून हळूहळू डोंगर उतरू लागला.

तात्पर्य: छंद जरूर असावा, पण आपल्या माणसाला उठवून त्याच्या जागी तो बसवू नये.