नाव चुकलेला ग्रह

पाय गोधडीत घ्या पाहू सगळ्यांनी. घेतले? हं.

तर एकदा काय झालं, एका डोंगरी राज्यात एक वेधशाळा होती. वेधशाळा म्हणजे आकाश बघायची जागा, बरं का. तिथला मुख्य होता केशवदत्त. त्याची बायको भानुमती. तिचे वडील आधीचे मुख्य, त्यामुळे दुर्बीण तिच्या लहानपणापासूनच्या ओळखीची.

त्या राज्यात एक सण असे. राजाच्या पणजोबांनी एक नवा ग्रह शोधला होता, त्या दिवसाचा. तिन्हीसांजेला सगळं गाव मैदानात जमायचं. राजा त्या ग्रहाला नावाने हाक मारायचा. मग तो ग्रह चालता चालता थांबायचा, लखकन चमकायचा आणि पुढे जायचा. कारण ज्याने शोधलं, त्याने ठेवलेलं नावच ग्रहाला ओळखू येतं. आणि ज्याला नाव मिळत नाही ना, तो अंधारात निघून जातो. पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही.

त्या वर्षी या शोधाला शंभर वर्षं होणार होती. राजा धवलसेनाने केशवदत्ताला बोलावून विचारलं, इतकी वर्षं वर बघतोस, तुला काही नवीन सापडलं का? त्याला काहीच सापडलं नव्हतं. पण भानुमतीला सापडलं होतं, आणि तिने नुकतंच त्याला दाखवलं होतं. सगळ्या चांदण्या आपापल्या जागी बसलेल्या, आणि एक बारीक ठिपका रोज थोडा सरकतोय. मोहरीएवढा ग्रह.

केशवदत्ताच्या तोंडून निघून गेलं, "हो महाराज, मला एक सापडलाय."

मग काय! राजाने शालजोडी दिली. मग पालखी दिली. मग म्हणाला, त्या ग्रहाला तुझंच नाव ठेवू, केशव. केशवदत्त प्रत्येक वेळी खरं सांगणार होता. पण शालजोडी खांद्यावर पडली, पालखी दारात आली, आणि सांगायचं राहूनच गेलं.

भानुमतीने शालजोडी पाहिली. भाकरी वाढली, वर लोणी घातलं. ही भांडली असती तर बरं झालं असतं, असं केशवदत्ताला वाटलं.

सणाचा दिवस आला. राजाने थोरल्या ग्रहाला हाक मारली. तो थांबला, चमकला. मग नव्याला हाक मारली, "केशवा!" ग्रह आपला चालतच राहिला. मग सगळ्या गावाने मिळून हाक मारली. तरी चालतच राहिला. मग राजा म्हणाला, केशवदत्ता, आता तूच बोलाव. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं नाव घेताना त्याचे कान तापले. ग्रह डोंगराच्या कड्याशी जाऊन पोचला.

एक म्हातारी मायेने म्हणाली, लहान आहे, ऐकू गेलं नसेल. ती माया त्याला चाबकासारखी लागली. त्याने गर्दीत भानुमतीला शोधलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती ग्रहाकडे बघत होती, पोर हरवलेल्या आईसारखी.

केशवदत्ताने शालजोडी काढून खाली ठेवली. "महाराज, हा ग्रह भानुमतीने शोधला. मी चोरला."

राजाने नजर वळवली. पालखीचे भोई जमिनीकडे बघू लागले. केशवदत्ताला वाटलं, कुणीतरी दगड तरी मारावा.

राजाने भानुमतीला पुढे बोलावलं आणि विचारलं, नाव काय ठेवलंस?

"टिकली," ती म्हणाली. शेजारच्या खोलीत हाक मारावी, तेवढ्याच आवाजात.

कड्याआड निम्मा गेलेला ग्रह थांबला. आणि असा लखलखला, की गायींच्या पितळी घंटा चमकल्या.

मग राजाने भानुमतीला वेधशाळेची मुख्य केलं. केशवदत्त तिथेच झाडलोट करू लागला, दुर्बिणीची काच पुसू लागला. पण वर म्हणून बघेना. एका संध्याकाळी भानुमती दुर्बिणीपासून बाजूला सरली.

"अहो, या. मान खाली घालून किती दिवस काढणार?"

त्याने डोळा लावला. पण डोळे असे भरून आले, की त्याला काहीच दिसेना. भानुमती थांबली. त्याचे डोळे निवळेपर्यंत थांबली. मग त्याला टिकली दिसली.

पुढे दोघं सुखाने राहिली, रोज संध्याकाळी आळीपाळीने वर बघत. झाली बरं का गोष्ट. आता तुम्हीही डोळे मिटा. हं, त्या कोपऱ्यातल्यानेसुद्धा.