दाजींची टाकी

"मगे उद्यापासून पाव्हण्यांका मी एकटोच नेऊ, दाजी?"

होडीच्या काठावर बसून लवू केळुसकरने विचारलं. हा प्रश्न त्याने त्या आठवड्यात कितव्यांदा विचारला, ते त्याचं त्यालाच माहीत.

काचेवर वाफ धरू नये म्हणून दाजी खोबरेकर मास्कवर आतून थुंकले आणि ती अंगठ्याने पुसत बसले.

"आधी पाण्यात चल," ते म्हणाले.

दाजींचा उभा जन्म नौदलात पाणबुड्या म्हणून गेला होता. निवृत्त होऊन देवबागला परतले आणि गावच्या पोरांना पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी उतरायला शिकवू लागले. कोणत्या पोराने पाहुण्यांना एकट्याने खाली न्यायचं, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. लवूला तेवढा एक शब्द हवा होता.

पोरगा तयारीचा होता, यात वाद नाही. एका टाकीत सगळ्यांपेक्षा जास्त वेळ तोच खाली राही. असं सगळेच म्हणत, आणि लवू सगळ्यांच्या आधी म्हणे.

त्याने उठून नेहमीप्रमाणे दाजींच्या पायांना हात लावला. समुद्रात उतरण्याआधी गुरूला नमस्कार, हा नेम त्याने कधी चुकवला नव्हता.

मग एकमेकांचं सामान तपासायची वेळ आली. दाजींचा नियम साधा होता. आपल्या सामानावर आपला विश्वास बसलेला असतो, म्हणून ते जोडीदाराने बघायचं.

दाजींनी लवूचं जॅकेट ओढून पाहिलं. वजनाचा पट्टा, टाकीतली हवा उघडायची चावी, तोंडात धरायची नळी, जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायची छातीवरची पिवळी जादा नळी... सगळं हाताने चाचपलं. मग त्याच्याकडे पाठ केली आणि थांबले.

त्यांच्या हवेच्या काट्यावर ओझरती नजर टाकून लवूने त्यांच्या खांद्यावर अलगद थाप मारली.

"सगळा बरोबर आसा."

"बघलंस?"

"तुमचा मी काय बघतलंय, दाजी!"

गुरूच्या टाकीची चावी चाचपणं म्हणजे वडिलांच्या ताटातलं मीठ चाखून बघण्यासारखं. लवूच्या अंगात तेवढा आगाऊपणा नव्हता. बाकीचा भरपूर होता.

दाजींनी मास्क डोळ्यांवर ओढला. दोघेही पाठमोरे पाण्यात कोसळले.

दोनेक पुरुष खोल गेले असतील. दाजी थांबले. त्यांनी हाताचा पंजा गळ्यावरून आडवा फिरवला.

हवा नाही.

लवूला मनातून हसू फुटलं. आली म्हातारबुवांची परीक्षा! उगाच नाही आज दोघांनीच उतरायचं ठरवलं.

परीक्षाच आहे म्हटल्यावर तो ऐटीत कामाला लागला. आधी बोटांनी 'समजलं'ची खूण केली. मग आपला काटा पाहिला, हवा भरपूर होती. गडबड करणारा शिष्य आपण नाही, हे दाजींना नीट दिसावं म्हणून पिवळ्या नळीकडे हातही बेतानेच नेला...

तोवर दाजींनी ती नळी त्याच्या छातीवरून उपटून तोंडात धरली होती.

काचेमागे त्यांचे डोळे मोठे झाले होते. काय हुबेहूब सोंग करतात, लवूला कौतुक वाटलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. एकमेकांच्या जॅकेटचे पट्टे घट्ट धरून, श्वास कुठेही न कोंडता, दोघे सावकाश वर आले. घाई दाजींनीही केली नाही.

होडीत चढताच लवूने मास्क कपाळावर ढकलला. चेहऱ्यावर दिवाळी होती.

"घाबरलंय नाय मी. बघल्यात मा? पास झालंय मा?"

दाजी धापा टाकत होते... बराच वेळ. मग त्यांनी त्याच्याकडे पाठ केली.

"चावी फिरव."

लवूने त्यांच्या टाकीच्या मानेवरची चावी उघडायला फिरवली. ती फिरतच राहिली. आत हवा सुटल्याचा आवाज आला.

"बंद होती!" लवू म्हणाला. "पण काटो तर भरलेलो दाखवी होतो..."

"नळयेत कोंडलेली हवा. चार श्वासांची."

लवूने हात जोडले. असा गुरू पंचक्रोशीत नव्हता.

"माझ्या परीक्षेसाठी तुम्ही मुद्दाम बंद ठेवल्यात, दाजी? जिवावर उदार होऊन?"

दाजी त्याच्याकडे वळले.

"सकाळी उघडून बघलंय. परत बंद केलंय. मगे उघडूक इसारलंय."

"म्हणजे..."

"इसारलंय."

होडी डुलत राहिली. लवूला ते डोळे पुन्हा दिसले. आपण काटा बघत होतो तेव्हा तो माणूस खरोखरच श्वासावाचून उभा होता.

तो खाली वाकला आणि त्याने दाजींचे पाय धरले. दाजींनी पाय मागे घेतले.

"माका पाव्हणे नको," लवू रडवेला होऊन म्हणाला. "उद्या नको, कधीच नको. माझी लायकी नाय."

"उद्या तूच नेतलंस."

लवूने मान वर केली.

"उतरायच्या आधी आपली टाकी तेंका तपासूक दी," दाजी म्हणाले.

"पाव्हण्यांका? ते माझी कशी तपासतले? ते माका सर म्हणतत. लाजतले ते."

दाजींनी मास्क उचलला. काचेवर थुंकून ती पुन्हा अंगठ्याने पुसली.

"लाजले, तर तेंका सांग... माझो गुरू उघडूक इसारलो होतो."